पालकांना बोलावलंय

“तुमच्या आईचं नाव काय?”

“शांताबेन,” रमणीकभाई म्हणाले.

“नाही हो काका. गोदूबाई. तुमच्या आईचं नाव गोदूबाई, गाव जत, जिल्हा सांगली. थोरले भाऊ म्हणजे माझे अप्पा, आणि धाकटी बहीण सुमन. पुन्हा सांगा.”

रमणीकभाईंनी हातातला वेफर्सचा खोका खाली ठेवला. “बेटा, माझी आई जिवंत आहे. नवसारीला. एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि अजून मला चपलेनं मारते. तिला कळलं मी दुसरीच आई सांगून आलो, तर?”

“तिला इथनं कोण सांगायला जाणार आहे?”

ते दुकानाच्या काचेतून बाहेर बघत राहिले. बाहेर न्यूझीलंड होतं. एक रस्ता, एक चर्च, एक पेट्रोल पंप, समोर माझी शाळा आणि त्यामागं नजर पोचेल तिथपर्यंत मेंढरं. त्या गावात आपली म्हणावीत अशी दोनच माणसं, एक मी आणि दुसरे हे. म्हणजे काका म्हणून उभं करायला निवड करण्याचा प्रश्नच नव्हता.

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. दहावी झाल्यावर एका संस्थेच्या विद्यार्थी अदलाबदल योजनेत माझा नंबर लागला होता. एक वर्ष तिकडच्या शाळेत शिकायचं, तिकडच्याच एका कुटुंबात राहायचं. जतमधून पहिल्यांदाच कुणीतरी अशा कामासाठी विमानात बसणार होतं. एसटी स्टँडच्या चौकात माझा फ्लेक्स लागला. त्यावर माझा दहावीच्या हॉल तिकिटावरचा फोटो, मागं विमान, आणि खाली शुभेच्छुक म्हणून बावीस माणसांचे फोटो, त्यातल्या वीस जणांना मी ओळखत नव्हते. चार महिने झाले तरी तो फ्लेक्स अजून तिथंच आहे, असं आई फोनवर सांगायची. मी लगेच विषय बदलायचे. कारण योजनेच्या नियमात स्पष्ट लिहिलं होतं, गंभीर गैरवर्तन झाल्यास विद्यार्थ्याला ताबडतोब घरी पाठवण्यात येईल. मी परत गेले असते तर माझ्याच फ्लेक्सखालून रिक्षा करून घरी जावं लागलं असतं.

आणि सोमवारी वर्गात ते पाकीट आलं.

परदेशी मुलांचं बघणाऱ्या मिस बार्कर स्वतः वर्गात आल्या आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात पाकीट देऊन हसून गेल्या. बाकी कुणालाच दिलं नाही. पत्रात चार ओळी होत्या. रेवतीच्या प्रगतीविषयी बोलण्यासाठी तिच्या पालकांनी किंवा जबाबदार नातेवाइकांनी गुरुवारी साडेचार वाजता शाळेत यावं.

आता हे पत्र दुसऱ्या कुणाला मिळालं असतं तर त्यानं वाचून दप्तरात टाकलं असतं. पण मी कोळेकर सरांची मुलगी होते. अप्पा आमच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक. ‘पालकांना घेऊन ये’ हे त्यांचं वाक्य जत तालुक्यात तलाठ्याच्या नोटिशीपेक्षा जास्त घाबरवायचं. तेही चिठ्ठीत ‘पाल्याच्या प्रगतीबाबत’ असंच लिहायचे. ती प्रगती म्हणजे काय, ते सगळ्या गावाला माहीत होतं. पालक यायचे, अप्पांच्या टेबलासमोर उभे राहायचे, टोपी काढून हातात धरायचे, आणि बाहेर आल्यावर व्हरांड्यातच पोराला धुवायचे.

त्यावर पोरांनी एक तोड काढली होती. भाड्याचा काका. चहाच्या गाड्यावरचा, गॅरेजमधला, कुणीतरी मोठा माणूस पकडायचा आणि ‘वडील शेतावर गेलेत, काका आलेत’ म्हणून उभा करायचा. अप्पांनी बावीस वर्षांत असा एकही काका सुटू दिला नाही. त्यांचा एकच प्रश्न असायचा. काकांना खुर्चीत बसवायचं, चहा मागवायचा, आणि सहज विचारायचं, “तुमच्या आईचं नाव काय?” मग पोराला आत बोलावून त्याच्या आजीचं नाव विचारायचं. तिथंच दोघंही गळपटायचे. एक गॅरेजवाला तर चहा तसाच ठेवून खिडकीतून गेला होता.

म्हणून मी रमणीकभाईंना आधी आईचं नावच पाठ करून घेत होते.

माझा गुन्हा काय, हे मला नेमकं ठाऊक होतं. पोहणं. शाळेत दर मंगळवारी गरम पाण्याच्या तलावात पोहायला नेत. जतमध्ये प्यायला टँकर येतो, तिथं पोहायला कोण शिकवणार? पाण्यात गळ्यापर्यंत उभं राहायची मला भीती वाटायची. हे सरळ सांगायची लाज वाटली. म्हणून मी ज्यांच्याकडे राहत होते त्या जुडिथबाईंच्या नावानं चिठ्ठी लिहिली. रेवतीला सर्दी झाली आहे. खाली जुडिथबाईंची सही ठोकली. पुढच्या मंगळवारीही सर्दी. त्याच्या पुढच्याही. चौथ्या चिठ्ठीत जरा फरक म्हणून मी ‘तीच सर्दी’ असं लिहिलं.

त्यामुळे जुडिथबाईंना नेणं शक्यच नव्हतं. खोटी सही ज्यांची, त्यांनाच साक्षीला कसं न्यायचं? शिवाय मेंढ्या विण्याचे दिवस होते, त्या बाई पहाटेपासून गोठ्यात असत आणि रात्री जेवताना त्यांच्या बाहीवर काय काय लागलेलं असे ते मी बघत नसे. अप्पांना कळवणं तर बाजूलाच राहिलं. ज्या माणसानं सगळ्या तालुक्याचे आईबाप उभे केले, त्यालाच उभं करायचं, ते पण माझ्यामुळं? त्यापेक्षा मी तलावात उडी टाकली असती.

उरले रमणीकभाई. तिकडं कोपऱ्यावरच्या दुकानाला डेअरी म्हणतात, त्यात दुधापासून बुटांच्या नाड्यांपर्यंत सगळं मिळतं. मी पहिल्या आठवड्यात हिरव्या मिरच्या शोधत तिथं गेले होते. रमणीकभाई प्रजापती तरुणपणी नंदुरबारला मामाच्या दुकानात दहा वर्षं होते, त्यामुळं त्यांना मराठी यायचं, त्यांच्या पद्धतीनं. बायको ऑकलंडला नातवाकडे गेलेली, हे एकटे. मी रोज शाळा सुटल्यावर जायचे, ते मला चहा द्यायचे, आणि दोघं मिळून तिकडच्या भाज्यांना नावं ठेवायचो.

“मी एकोणीस वर्षं या शाळेच्या समोर बसतो,” ते म्हणाले. “माझी दोन पोरं इथंच शिकली. मी एकदा पण आत गेला नाही. दुकान कोण बघणार?”

“म्हणजे येणार नाही?”

त्यांनी पुन्हा वेफर्स लावायला घेतले. दोन रांगा लावून झाल्यावर म्हणाले, “कोट घालायचा का?”

गुरुवारी चार वाजून वीस मिनिटांनी त्यांनी दाराला ‘पंधरा मिनिटांत येतो’ असा पुठ्ठा लावला आणि आम्ही रस्ता ओलांडला. कोट त्यांच्या लग्नातला होता, बटणं लागत नव्हती. मी चालता चालता त्यांना शेवटचं बजावलं. फार बोलायचं नाही. त्या काहीही म्हणाल्या तरी मान हलवायची. आईचं नाव विचारलं तर?

“गोदूबाई,” ते म्हणाले. “बिचारी शांताबेन.”

मिस बार्करच्या खोलीत तीन खुर्च्या गोल मांडल्या होत्या. टेबल नव्हतंच. हे मला फार धोक्याचं वाटलं. टेबल असलं की निदान कुठून ओरडा येणार ते कळतं.

“किती छान, तुझे काका इथंच राहतात हे मला माहीतच नव्हतं,” मिस बार्कर म्हणाल्या. रमणीकभाईंनी मान हलवली. “तुम्ही रेवतीच्या वडिलांचे भाऊ?” पुन्हा मान. “धाकटे?” मान. मग बाई माझ्याकडे वळल्या. “रेवती, ही बैठक तू चालवायची. काकांना सांग बरं, या सत्रात तुला स्वतःच्या कोणत्या गोष्टीचा अभिमान वाटतो?”

इतक्या थंड डोक्यानं छळणारी बाई मी पाहिली नव्हती. आमच्याकडे निदान आधी सरळ ओरडतात. मी खाली बघितलं. दोन मिनिटं मी टिकले, मग माझा बांध फुटला.

“चारही चिठ्ठ्या मीच लिहिल्या. मला सर्दी नव्हती. जुडिथबाईंची सही पण मीच केली. मला पाण्याची भीती वाटते.”

मिस बार्करच्या भुवया वर गेल्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळलं. पण आता काय उपयोग? त्याच क्षणी रमणीकभाईंना आपण काका असल्याची आठवण झाली. एकोणीस वर्षांचं न केलेलं पालकपण त्यांच्या अंगात संचारलं. ते उठून उभे राहिले आणि इंग्रजीत गरजले, “मॅडम, मारा हिला. आमची काही तक्रार नाही. हाडं आमची, कातडं तुमचं.”

“मी मुलांना मारत नाही,” मिस बार्कर घाबरून म्हणाल्या.

“मग मी मारतो,” असं म्हणून त्यांनी हात वर केला. कोट काखेत उसवल्याचा आवाज आला आणि ते खाली बसले.

“आपण सगळेच जरा शांत होऊ या,” मिस बार्कर म्हणाल्या. “तसंही रेवतीचे वडील आले की त्यांच्यासमोरच बोलू.”

“कोण आले की?”

“तुझे वडील. मी त्यांना ईमेल केली होती. पाच मिनिटांत त्यांचं उत्तर आलं. तुला आनंदाचा धक्का द्यायचा होता.” आणि त्यांनी लॅपटॉप उघडला.

मी रमणीकभाईंकडे बघितलं. रमणीकभाईंनी दाराकडे बघितलं. मला तो खिडकीतून गेलेला गॅरेजवाला आठवला आणि मी त्यांची बाही घट्ट धरली.

पडद्यावर अप्पा आले. जतला सकाळचे दहा वाजले होते, शाळा भरायची होती. अप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, भांग पाडला होता. मागं त्यांची खुर्ची नव्हती, ऑफिसचं दार दिसत होतं. त्यांनी ऑफिसातला कॉम्प्युटर टेबलावर उलटा फिरवला होता आणि ते टेबलाच्या अलीकडं उभे होते. पालक उभे राहतात त्या बाजूला. हातात एक कागद होता.

“नमस्कार मिस्टर कोळेकर,” मिस बार्कर म्हणाल्या. “बसा ना.”

अप्पा बसले नाहीत. ते इंग्रजीत वाचायला लागले. “आदरणीय मॅडम. माझ्या मुलीच्या हातून जी काही चूक घडली असेल, तिची मी वडील या नात्यानं क्षमा मागतो. ती लहान आहे. ती एकटी आहे. शिक्षा करायची तर करा, पण तिला परत पाठवू नका.” इथं कागद संपला. अप्पा थोडे थांबले आणि मराठीत म्हणाले, “एक डाव पोरीला पदरात घ्या.”

मी अप्पांना असं कधी बघितलं नव्हतं. घरी त्यांच्या पायताणाचा आवाज आला की आम्ही टीव्ही बंद करायचो. मला रडू आलं, आणि मी ते काही लपवलं नाही.

मिस बार्कर पार गोंधळून गेल्या होत्या. वातावरण हलकं करावं म्हणून त्या म्हणाल्या, “मिस्टर कोळेकर, घाबरू नका. हे बघा, तुमचे बंधूसुद्धा आलेत.” आणि त्यांनी लॅपटॉप रमणीकभाईंकडे फिरवला.

अप्पांनी चष्मा वर सरकवला. रमणीकभाईंनी हात जोडले. अप्पा त्यांच्याकडे बघत होते, फाटलेल्या काखेकडे बघत होते, मग त्यांनी बाही धरून बसलेल्या माझ्याकडे बघितलं. ही नजर मला ठाऊक होती. आमच्या शाळेच्या व्हरांड्यातून मी ती शंभरदा बघितली होती. तोंडही त्याच प्रश्नासाठी उघडलं. बावीस वर्षांची सवय, माणूस काय करणार?

“तुमच्या आईचं नाव काय?”

“गोदूबाई,” रमणीकभाई म्हणाले. नाव अगदी स्वच्छ आलं. “गाव जत. जिल्हा सांगली.”

आजीला जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. अप्पांच्या तोंडावरचं सगळं एकदम बदललं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. मिस बार्कर म्हणाल्या, “काही अडचण आहे का?”

“नाही मॅडम,” अप्पा इंग्रजीत म्हणाले. “हा माझा भाऊ.”

माझ्या माहितीत अप्पा तोवर कधीही खोटं बोलले नव्हते. घरपट्टीचा माणूस दाराशी आला आणि ते घरात असले, तर ‘आहे’ म्हणूनच सांगायचे.

मग मिस बार्करनी सगळं उलगडून सांगितलं. ही बैठक शिक्षेची नव्हती. शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या पालकांना वर्षातून दोनदा बोलावतात. बाकीच्यांची पत्रं टपालानं घरी जातात, माझ्या पालकांचं घर लांब म्हणून माझ्या हातात दिलं.

“प्रत्येकाच्या?” अप्पांनी विचारलं. “काही केलं नसलं तरी?”

“हो.”

“मग बोलावून काय सांगता?”

“मूल कसं चाललंय ते सांगतो. चांगलं काय आहे ते.”

अप्पांनी मागची एक खुर्ची ओढली आणि पहिल्यांदा खाली बसले. “मग सांगा,” ते म्हणाले आणि खिशातून पेन काढलं.

बाईंनी सांगितलं. जीवशास्त्रात रेवती बेडकाची आकृती इतकी बारकाईनं काढते की ती भिंतीवर लावली आहे. गणितात मागं बसणाऱ्यांना समजावते, फक्त त्यांना उत्तरं जरा जास्तच समजावते. डबा ग्रंथालयात खाते, ते चालत नाही. आणि चार खोट्या चिठ्ठ्यांचं आज तिनं स्वतःहून कबूल केलं; ते ती आज जुडिथबाईंनाही सांगेल आणि मंगळवारपासून उथळ पाण्यात लहान मुलांबरोबर शिकेल. अप्पा हे सगळं कागदाच्या पाठीवर लिहून घेत होते, बेडकासकट.

तेवढ्यात बाईंना कुणीतरी दारातून हाक मारली. “तुम्ही तिघं घरचं बोला,” असं म्हणून त्या बाहेर गेल्या.

उरलो मी, अप्पा आणि रमणीकभाई.

“हे कोण?” अप्पांनी विचारलं.

“समोरचे दुकानदार आहेत. रमणीकभाई.”

रमणीकभाई पुन्हा उभे राहिले. “साहेब, माफ करा. खोटं बोललो.”

“तुम्ही कुठं बोललात? मी बोललो,” अप्पा म्हणाले. “आईचं नाव बरोबर सांगणारा माणूस मला बावीस वर्षांत पहिल्यांदा भेटला. दुकान कुणाच्या भरवशावर टाकून आलात?”

“बंद केलं.”

अप्पांनी मान हलवली. मग माझ्याकडे बघितलं. “मला बोलवायची भीती वाटली?”

“हो.”

“मलाही वाटली,” ते म्हणाले. “तू काय केलं असशील याची नव्हे गं. चार दिवस मला एकच दिसत होतं, तू तिथं कुणापुढं तरी उभी आहेस आणि बाजूची खुर्ची रिकामी आहे.”

रमणीकभाई त्या खुर्चीत जरा सावरून बसले.

पुढच्या बैठकीचं पत्र शाळेनं थेट डेअरीवर पाठवलं, ‘मिस्टर आर. कोळेकर’ या नावानं. रमणीकभाई नवा कोट घालून आले. अप्पा पडद्यावर होतेच. दोघं माझ्यावर कमी आणि नवसारीच्या चिकूंवर जास्त बोलले, मिस बार्कर नुसत्या घड्याळ बघत होत्या. मी वर्ष पुरं करून घरी आले, फ्लेक्स तोवर वाऱ्यानं फाटला होता. शिक्षण झालं, नोकरी लागली, आणि गेल्या वर्षी माझं लग्न ठरलं.

पत्रिकेचा मजकूर अप्पांनी स्वतः लिहिला. छापून आलेला पहिला गठ्ठा सोडून आम्ही हळदकुंकू लावायला बसलो होतो. सुमनआत्या चष्मा लावून एक पत्रिका वरपासून खालपर्यंत वाचत होती, नात्यातलं कुणी राहिलं तर भांडण नको म्हणून. ‘आपले विनीत’च्या यादीशी ती थांबली. बोट तिथंच ठेवून तिनं पुन्हा वाचलं, आणि मोठ्यानं वाचलं.

“काका : श्री. रमणीकलाल प्रजापती, न्यूझीलंड.” तिनं चष्मा काढला. “दादा, हे काय? आपण दोघंच की. तुला भाऊ कधी होता?”

अप्पांनी मान वर केली नाही. ते पुढच्या पत्रिकेला कुंकू लावत होते.

“तू फार लहान होतीस सुमे,” ते म्हणाले. “तुला आठवणार नाही.”